परतीची तारीख

लॉकडाऊनच्या काळात आईचा उजवा डोळा गेला, आणि तो गेला तेव्हा ती कोपरीच्या घरात स्वतःच्या पलंगावर बसलेली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या घरात जो वाद झाला तो सगळा याच एका गोष्टीभोवती फिरत राहिला.

आईला बऱ्याच वर्षांची शुगर. त्यामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज येते आणि ती उतरवायला ठरावीक अंतराने डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. डोळ्यात सुई म्हटल्यावर ऐकणारा आपलाच डोळा झाकून घेतो, पण प्रत्यक्षात ते थोडक्या वेळाचं काम असतं. माजिवड्याला डॉक्टरांचा दवाखाना. धाकटा भाऊ आईला कोपरीहून गाडीने न्यायचा, मी डोंबिवलीहून परस्पर पोचायचे. इंजेक्शन झालं की डोळ्यावर पट्टी, घरी येऊन मऊ भात, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून आई पुन्हा कोलीम, म्हणजे बारीक सुकट, निवडायला बसलेली. हे वेळच्या वेळी चाललं होतं तोवर दोन्ही डोळे शाबूत होते.

मग सगळं बंद झालं. दवाखाना बंद होता. तो उघडला तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले होते. बांबू निघाले तोवर आईच्या मनात इतकी भीती बसली होती की ती दारातसुद्धा येईना. तेव्हा घरोघरी म्हाताऱ्या माणसांना हेच सांगत होते, बाहेर पडू नका. आईने ते ऐकलं. एका सकाळी तिने चहाचा कप घ्यायला हात पुढे केला आणि तो कपाच्या बाजूने गेला. उजव्या डोळ्यात आतल्या आत रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं, पण फार उशीर झाला होता. राहिला डावा.

त्या डाव्या डोळ्याने आईला दुबई बघायची होती.

यात विचित्र काही नव्हतं. आमची माणसं मूळची मिठागरातली. आई लग्नाआधी आणि नंतरही खाडीकाठच्या आगरात मीठ वाहायला जायची. पुढे जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, घरात पैसा आला आणि गावातल्या बायका घोळक्याने दुबई-बँकॉकला जाऊन येऊ लागल्या. परत आल्या की संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून सांगायच्या. माझी चुलती तर उंटावर बसली ते प्रत्येक वेळी नव्याने सांगायची आणि दर वेळी तिचा उंट आणखी उंच व्हायचा. आई ऐकून घ्यायची. महामारीच्या आधी भावाने तिचा पासपोर्ट काढला, तारीखही ठरली, आणि विमानं बंद झाली.

दुसरी लाट ओसरली, लशीचे दोन्ही डोस झाले, विमानं पुन्हा उडायला लागली. एका रविवारी भावाने मला कोपरीला बोलावून घेतलं. कशासाठी, ते मी ओट्यावर पाय ठेवतानाच ओळखलं. भावजय खास पापलेट तळत होती.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर बघते. रसायनाचं पिंप संपायच्या आत दुसरं पिंप गेटवर यायला हवं, हे बघणं माझं काम. एवढ्या वर्षांत मी एकच प्रश्न विचारायला शिकले आहे: माल वेळेवर आला नाही तर काय? तोच प्रश्न मी त्या दिवशी विचारला.

"तिथे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर? खोलीत कोंडून ठेवतात. परतीचं विमान निघून जातं. मग हिच्या इंजेक्शनचं काय?"

"ताई, तू कुठंही गेलीस तरी आधी संडास कुठं आहे ते बघतेस," भाऊ म्हणाला.

"हो. आणि मग तुम्ही सगळे मलाच येऊन विचारता."

भावजय तव्यापाशी हसली. भावाने विषय सोडला नाही. आता सगळे जात आहेत, नियम सैल झाले आहेत, हॉटेल चांगलं आहे. हे सगळं खरंच होतं. पण तारीख चुकली तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. मी तेच पुन्हा विचारलं. तेव्हा आई बोलली.

"एक डोला घरान बसूनच गेला ना गो? तवा मी कंय फिराला गेलती?"

बाहेर गेल्याने धोका असतो हे मला माहीत होतं. घरात बसल्यानेही तो असतो, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"या बाया सांगतान ते आयकत बसू काय मी जल्मभर?" ती पुढे म्हणाली. "डोला हाय तवर मना माजा काय तरी बगून येव दे. मंग कालोख जाला तरी सांगाला माजा माज्याकडं असंल."

मला ते पटलं नाही, पण समजलं. जाणार हे नक्की झाल्यावर मी सोबत यायला नकार दिला नाही. आईला आंघोळीला, साडी नेसायला हाताशी बाई लागते आणि भावजयीला घर सोडता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघीच जाणार होतो. विरोध करायचा तो ठरेपर्यंत. ठरल्यावर बॅग भरायची.

डॉक्टरांना विचारलं. ते जा म्हणाले नाहीत, जाऊ नका असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त हिशेबाची गोष्ट सांगितली. पुढच्या इंजेक्शनची वेळ सहलीनंतर लगेच येत होती. निघण्याआधीच ते देऊन टाकलं तर थोडं लवकर पडेल, पण हरकत नाही, मग तिकडे चार दिवस जास्त लागले तरी काळजी नको. मला हायसं वाटलं. जास्तीचं पिंप गोदामात आणून ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. निघण्याआधी त्यांचा इंजेक्शनचा एकच दिवस उरला होता. स्वागतकक्षातल्या मुलीने तो कागदावर लिहून दिला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता आईने विचारलं, "त्या दिशी तीथ काय?"

भावाने मोबाइलवर पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. अमावस्या होती.

"अवसेला डोल्यान सुई?" आई तिथेच थांबली. "नय बाबा."

माझ्या घरच्यांना अडाणी म्हणायची मला सवय नाही, कारण ते अडाणी नाहीत. भाऊ बांधकामाच्या धंद्यात आहे, वकिलांना कोळून प्यायलेला माणूस. पण तोही अमावस्येला करारावर सही करत नाही, नवी गाडी शोरूममधून बाहेर काढत नाही. आणि आईचं म्हणणं नुसतं शुभ-अशुभाचं नव्हतं. तिने मिठागरात उमर काढलेली. अमावस्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, पाणी बांधाला धडका देतं, कुठे जरा भोक असलं तर तिथूनच बांध फुटतो आणि महिन्याची मेहनत विरघळून जाते. त्या दिवशी बांधाला कुणी फावडं लावत नसे.

"खाडीला उधान येतं तसं आंगान रगत पन उसलतं," ती म्हणाली. "त्या दिशी डोल्याला भोक पाडाचं? बांद फुटंल."

मी म्हणाले, "आई, डोळा म्हणजे मिठागर नाही. डॉक्टर अमावस्येलासुद्धा रोजच्यासारखीच इंजेक्शनं देतात."

"दिऊ दे. ज्याला घ्याची त्याला घेऊ दे."

"मग जाणं पुढे ढकलू."

"तिकिटं काढलेली हायेत."

"आल्या आल्या दुसऱ्या दिवशी घेऊ ना ताई," भाऊ म्हणाला. "तेव्हा तारीख असेलच. मी स्वतः नेतो तिला."

मी आणखी एकदा सगळं समजावून सांगितलं. जास्तीचे दिवस हातात असणं म्हणजे काय, ते सांगितलं. आई म्हणाली, "डोला माजा हाय." तिच्या डोळ्यात तिच्या मनाविरुद्ध सुई घालायचा अधिकार मला नव्हता, आणि असता तरी तिने डोकं स्थिर ठेवलं नसतं. परत आल्यानंतरची पहिली तारीख आम्ही घेतली.

दुबईत आई सुखात होती. हे मला नाकारता येणार नाही, आणि मी नाकारतही नाही. वाळवंटात गाडीतून उतरल्याबरोबर तिने चिमूटभर वाळू उचलून जिभेवर ठेवली. मी ओरडले. तिने थुंकून टाकली आणि म्हणाली, "खारी नय." उंच इमारतीखाली उभं राहून तिने मान मागे टाकली.

"मना वरचा दिसत नय. तुना दिसतं?"

"मलाही नाही दिसत. इतकी वर आहे ती."

तिला बरं वाटलं. आपला डोळा कमी नाही, इमारतच जास्त आहे, असं म्हणाली.

पण तिचं खरं मन रमलं ते माशांच्या प्रचंड टाकीपाशी. निळ्या उजेडात मोठमोठे मासे काचेला घासून जात होते आणि मोठ्या गोष्टी तिला अजून नीट दिसायच्या. ती काचेला नाक लावून उभी राहिली आणि जोरजोरात माशांची लायकी ठरवू लागली. हा कालवणाचा, हा नुसता दिसायला, हा काट्यांचा, याचं डोकं चांगलं लागेल. शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं. त्यांच्यातली बाई हसून म्हणाली, "आजी, इथे तळून देत नाहीत हो." आई म्हणाली, "म्हनून तं इतकं माजलेत." मी तिला तिथून हलवायला गेले तर तिने माझा हात झटकला. आम्ही तिथे फार वेळ थांबलो. उरलेलं कितीतरी बघायचं राहून गेलं त्यामुळे, पण तिला त्याचं काही नव्हतं.

परतीच्या आधी टेस्ट करावी लागे. माझी पॉझिटिव्ह आली.

त्या दिवशी मला घसा खवखवण्यापलीकडे काही नव्हतं. आईची निगेटिव्ह आली, पण ती माझ्याबरोबर एका खोलीत राहिलेली, त्यामुळे तिलाही निघायची मुभा नव्हती. हॉटेलच्या व्यवस्थापकाने मास्कवर मास्क लावून, दारापासून लांब उभं राहून हिंदीत सगळं समजावलं. माणूस वाईट नव्हता. मला आहे त्याच खोलीत राहायचं होतं, आईला शेजारच्या खोलीत हलवणार होते. मी म्हटलं, ती म्हातारी आहे, एका डोळ्याने आंधळी आहे, दुसऱ्याने अर्धवट दिसतं, तिला लिहितावाचता येत नाही. तो म्हणाला, म्हणूनच तर तिला तुमच्यापासून लांब ठेवायला हवं. ते बरोबरच होतं.

मी तिची बॅग वेगळी केली. सकाळच्या गोळ्या एका पुरचुंडीत बांधून तिला एक गाठ मारली, रात्रीच्या पुरचुंडीला दोन गाठी. गाठी बोटांना कळतात. तिच्याकडे बटणांचा फोन होता, एक दाबून धरलं की मला लागायचा. ती दारातून बाहेर पडताना मागे वळली नाही, कारण पुढे काय आहे ते बघण्यातच तिची सगळी नजर लागलेली होती. मग शेजारचं दार लागल्याचा आवाज आला.

पहिल्या दिवशी ती सारखी फोन करत होती. दिवा कुठे लागतो, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, जेवण दाराबाहेर ठेवतात ते घ्यायचं कसं. मी माझ्या खोलीत उभी राहून तसाच नळ फिरवायचे आणि तिला सांगायचे. दोन्ही खोल्या एकसारख्या होत्या म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून तिला सगळं हाताला येऊ लागलं. माझ्यापेक्षा ती लवकर रुळली. माझी खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, वर आभाळाची एक पट्टी. तिची कोपऱ्यातली खोली होती, खिडकी रस्त्यावर. तिने खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि सकाळ-संध्याकाळ मला फोनवर बाहेरचं सांगू लागली.

"समोर इमारत बांदतान. पिवली क्रेन हाय. तिचा हात आपल्या खाडीपुलाएवरा."

"बरं."

"गच्चीवर एक मानूस कपरे वालत घालतंय. काल पन तोच व्हता. त्याला बायको नसंल इथं."

"असेल नसेल, तू गोळ्या घेतल्यास का?"

"घेतल्या गो. तू काय हेडमास्तरीन हायेस काय?"

मला तापाने ग्लानी यायची आणि तिचं हे ऐकणं सोपं वाटायचं. इंजेक्शनची तारीख मात्र डोक्यातून जात नव्हती. भावाने माजिवड्याला फोन करून ती पुढे ढकलली. नंतर पुन्हा ढकलावी लागली, कारण माझी दुसरी टेस्टही पॉझिटिव्ह आली.

एका सकाळी आईचा फोन आला. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आज लय धुका परलाय. क्रेन पन दिसत नय."

मी माझ्या खिडकीतून वर पाहिलं. आभाळाची पट्टी लख्ख होती. समोरच्या भिंतीवर ऊन पडलेलं होतं, इतकं स्वच्छ की भिंतीवरच्या पाइपची सावली काळ्या रेघेसारखी दिसत होती.

मी म्हणाले, "आई, हात डोळ्यासमोर धर. बोटं दिसतात का?"

ती म्हणाली, "मच्छीचा जाला टाकल्यावानी वाटतंय गो. लाल लाल. बोटा हायेत, पन जाल्याच्या पल्याड."

मी तिला खुर्चीतच बसायला सांगितलं. आडवी होऊ नकोस, वाकू नकोस, डोळा चोळू नकोस. मग माजिवड्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनीही हेच सांगितलं आणि म्हणाले, लवकरात लवकर कुणाला तरी दाखवा, तिथे दाखवा, इथे यायची वाट बघू नका. मी व्यवस्थापकाला फोन केला. त्याने कुठल्या तरी कचेरीला केला. विलगीकरणातल्या माणसाला खोलीबाहेर काढायचं तर परवानगी, परवानगीसाठी नवी टेस्ट, टेस्टचा निकाल येईपर्यंत थांबा. एका डॉक्टरने व्हिडिओवर तिला पाहिलं, तेही हॉटेलच्या मुलाने दारातून मोबाइल धरला तेव्हा. ते म्हणाले, जिवाला धोका नाही, दिवस पूर्ण झाले की तपासू. त्यांचंही काही चुकत नव्हतं. त्यांच्या यादीत श्वास लागलेली माणसं होती. माझ्या आईचा श्वास उत्तम चालला होता.

मी दिवसभर फोन करत राहिले. ज्याने ज्याने नंबर दिला त्याला केला. आमच्या दोघींच्या मधली भिंत इतकी पातळ होती की तिच्या खुर्चीचा पाय सरकलेला मला ऐकू यायचा. ती सांगितल्याप्रमाणे ताठ बसून होती. रडली नाही. संध्याकाळी मीच फोन करून विचारलं, काही दिसतंय का.

"आता इचारू नको," ती म्हणाली. "मी सांगीन तुना."

परवानगी आली तोवर माझेच दिवस संपत आले होते. तिथल्या डॉक्टरांची वेळ त्याहून पुढची मिळत होती, म्हणून दिवस संपताच आम्ही मिळालं त्या पहिल्या विमानाने निघालो. विमानतळावर तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि ती माझ्या ओढणीचं टोक धरून बसली, लहानपणी मी तिचा पदर धरायचे तशी वगैरे मी म्हणणार नाही. तिला ढकलणारा माणूस कोण हे दिसत नव्हतं आणि तिला ते आवडत नव्हतं, म्हणून तिने धरलं होतं.

भावाने गाडी विमानतळावरून थेट माजिवड्याला घेतली. दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. रक्त साचलं होतं, आत पडदा ओढला गेला होता. इंजेक्शन दिलं, काही दिवसांनी ऑपरेशनही केलं. आता तिला उजेड आणि सावली कळते. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून ओळखते.

भावाने डॉक्टरांना सरळ विचारलं. "आधी घेतलं असतं तर वाचला असता का?"

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "वाचण्याची शक्यता खूप जास्त होती. नक्की वाचलाच असता असं मी म्हणणार नाही."

भाऊ बाहेर जाऊन व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एवढा आडदांड माणूस, त्याचे खांदे हलत होते. मी त्याला तसाच सोडला आणि औषधं आणायला खाली गेले. त्याला काय सांगायचं हे मला माहीत नव्हतं, आणि औषधाचं दुकान दुपारी बंद होतं हे माहीत होतं.

त्यानंतर कोपरीच्या घरात आम्ही बरेच बदल केले. न्हाणीघरात भिंतीला पाइप लावले. तिची भांडी एका फळीवर, नेहमी त्याच क्रमाने. गॅसजवळ तिला येऊ द्यायचं नाही असं भावजयीने ठरवलं, त्यावरून दोघींत महिनाभर अबोला होता. आई सुकट निवडते ती आता बोटांनी. आधीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि काटे राहतात. आम्ही ते काढून खातो.

डोंबिवलीला आमच्या सोसायटीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत झाली. साथीची बातमी पुन्हा कुठूनतरी आली की एखादी तरी शेजारीण जिन्यात गाठून विचारते, "आम्ही व्हिएतनामचं बुकिंग केलंय हो. जावं की नाही?" लोकांना वाटतं मी नको म्हणेन. मी तसं म्हणत नाही. मी विचारते, तुमच्या घरात कुणाचं काही तारखेवर अवलंबून आहे का? डायलिसिस, इंजेक्शन, कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा. नसेल तर जा. खोलीत अडकलात तर टीव्ही बघा, दाल खा, परत या, सांगायला किस्सा होईल. पण तारखेवर अवलंबून असलेलं माणूस घरात असेल, तर ती तारीख आधी उरकून घ्या. उरकता येत नसेल तर घरी बसा. पर्यटन कंपनीचा माणूस परतीची तारीख छापून देतो. साथीच्या दिवसांत ती पाळणं त्याच्या हातात नसतं.

म्हणजे माझ्या मते त्या वर्षी जाणं चुकीचं होतं. आईला मी हे सांगितलं आहे. खोटं बोलून तिला बरं वाटत नाही आणि मला ते जमत नाही. एकदा दुपारी मी तिच्या पायाच्या नखांना तेल लावत असताना तिनेच विषय काढला.

"तुना वाटतं, गेलो ते वाईट केला?"

"हो."

"मना नय वाटत."

"डोळा गेला, आई."

"गेला. मना काय म्हाईत नय?" तिने पाय ओढून घेतला. "पन तू सगला एकान बांदतंस. जायाचा व्हता, गेले. ते बरोबर केला. सुई घ्याला पायजे व्हती, नय घेतली. ते चुकला. दोन येगल्या गोष्टी हायेत."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. इतक्या दिवसांत हे तिने कुणापाशी म्हटलं नव्हतं. भावापाशी तर नाहीच. त्याला अजून वाटतं की आई ते सगळं नशिबावर टाकून मोकळी झाली आहे.

"भावाला सांगू का हे?" मी विचारलं.

"कशाला? तो त्याच्या जिवाला लावून घेईल. अवसेचा मीच बोललेली." मग पाय पुढे करून म्हणाली, "तुना सांगितला कारन तू रडाची नस."

ते खरं होतं. मी दुसरा पाय घेतला आणि तेल लावून संपवलं.

बाहेर ओट्यावर चुलती आणि आणखी दोघी-तिघी येऊन बसल्याचा आवाज आला. चुलती कुणाला तरी उंटाचं सांगत होती. आई लगेच उठायला लागली.

"मना बाहेर ने."

"पायाला तेल आहे, घसरशील. थांब, पुसते."

"पूस, पन लवकर. ती उंटाची गोठ एकदा सुरू जाली का मंग माशांचा कोन आयकत नय."

मी पाय पुसले, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि तिचा दंड धरून दारापर्यंत नेलं.

"पाय उचल, उंबरा आहे."

"म्हाईत हाय मना," आई म्हणाली. "घर माजाच हाय गो."